ड्युटी लावण्याआधी

हॉटेलच्या बँक्वेट विभागात बरीच वर्षं माझ्याकडे ड्युटी लावायचं काम होतं. बुफेमागे कोण, स्टार्टरचे ट्रे कोण फिरवणार, पॅन्ट्रीत कोण, बारवर कोण, हे मी दुपारच्या ब्रीफिंगआधी तक्त्यावर लिहायचे. त्यातल्या बारच्या रकान्यात मी चुका केल्या. धर्मामुळे, श्रद्धेमुळे किंवा घेतलेल्या व्रतामुळे दारूला हात न लावणारी माणसं माझ्या हाताखाली होती. त्यांना मी दुखावलं, आणि काहींचं पगारात आणि बढतीत मोजता येईल असं नुकसान केलं. यातल्या बऱ्याच चुका मी चांगल्या हेतूने केल्या होत्या, म्हणून त्या सविस्तर लिहिते आहे. बँकेत, कारखान्यात, आयटी कंपनीत माणसांना कामं वाटणाऱ्यांच्या आणि त्यांच्या पार्ट्या ठरवणाऱ्यांच्या हातूनही त्या रोज होत असणार.

कंपनीच्या पार्टीत सात ते नऊ हा कॉकटेलचा वेळ सगळ्यात धावपळीचा. बारमागे एकजण पेग मोजतो, दुसरा बर्फ आणि सोडा घालतो, बाकीचे भरलेले ट्रे उचलून गर्दीत शिरतात. गोल ट्रे डाव्या तळहातावर. उंच, जड ग्लास आपल्या अंगाकडे, बुटके बाहेरच्या बाजूला. उजव्या हाताने पेपर नॅपकीनसकट ग्लास पाहुण्याच्या हातात द्यायचा, ट्रे रिकामा झाला की त्यावरच उष्टे ग्लास गोळा करून परत यायचं. माणसं कायम कमी पडतात. त्यामुळे त्या दोन तासांत ‘मला हे नको’ म्हणणारा माणूस मला आडमुठा वाटायचा.

सोलापूरकडचा एक नवा मुलगा अशाच एका पार्टीआधी माझ्याकडे आला. म्हणाला, “मॅडम, मला ज्यूसचा ट्रे द्याल का? दारूचा नको.” मी म्हटलं, “तुला कोण पी म्हणतंय? नुसता ट्रे तर न्यायचाय.” तो म्हणाला, “आमच्यात पाजणाऱ्यालाही गुनाह आहे.” माझं उत्तर तयार होतं: “बाकीची मुसलमान पोरं नेतातच की!” तो गप्प झाला. त्या रात्री त्याने ट्रे नेले. महिनाअखेरीला पगार घेऊन नोकरी सोडली आणि एका बेकरीत लागला. त्याने तक्रार केली नाही, म्हणून काही बिघडलं असं मला वाटलंही नाही.

तो मला अगदी नेमकी गोष्ट सांगत होता. इस्लाममधली दारूबंदी टप्प्याटप्प्याने आली. दारूत थोडा फायदा असला तरी तिचं पाप मोठं, हे कुराणात आधी येतं. मग नशेत नमाजाजवळ जाऊ नका. आणि शेवटी सूरह माइदामध्ये तिच्यापासून पूर्णपणे दूर राहण्याची आज्ञा. पुढे हदीसमध्ये दारूच्या संदर्भात दहा जण दोषी धरले आहेत. गाळणारा, पिणारा, वाहून नेणारा, ज्याच्यासाठी नेली जाते तो, पाजणारा, विकणारा, तिची कमाई खाणारा असे सगळे त्यात येतात. म्हणजे मी ज्याला ‘नुसतं नेणं’ म्हणत होते, ते त्याच्या लेखी ‘नुसतं’ नव्हतंच. दुसरे मुसलमान नेतात, हा युक्तिवादही बिनबुडाचा होता. कुणी पोटासाठी नाइलाज म्हणून नेतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही, कुणाला ते अजिबात जमत नाही. एका धर्माच्या माणसांत हा फरक असणारच. ज्याला जमत नाही त्याला ज्याला जमतं त्याच्या मापाने मोजायचा अधिकार मला कुणी दिला होता?

हे कळल्यावर मी सुधारणा केली, आणि ती पहिल्या चुकीपेक्षा वाईट ठरली. मी तक्ता घेऊन बसले आणि जेवढी मुसलमान नावं दिसली तेवढी बारवरून काढून टाकली. कुणाला विचारलं नाही. मनात आपण मोठं समजूतदार काम केल्याचं समाधान होतं. त्यांच्यात कोल्हापूरचा एकजण होता. त्याने स्वतःच्या पैशांनी बारटेंडिंगचा कोर्स केला होता आणि पुढे हेड बारटेंडर व्हायचं त्याच्या मनात होतं. बारवर टिप जास्त मिळते हे हॉटेलात सगळ्यांना माहीत असतं. बुफेमागे वरण-भात वाढणाऱ्याच्या हातात सहसा कुणी नोट ठेवत नाही. माझ्या समजूतदारपणामुळे त्याची वरकमाई गेली आणि शिकायची संधीही गेली.

तो चिडून आला नाही, पण स्पष्ट बोलला. “मॅडम, माझं नाव वाचून तुम्ही माझा बार काढलात. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. माझं आणि वरच्याचं काय ते मी बघेन.” पहिल्या मुलाला मी त्याचा धर्म पाळू दिला नव्हता. याच्यावर मी त्याचा धर्म लादला होता. दोन्ही वेळा समोरच्या माणसाला काय वाटतं हे मी स्वतःच ठरवून मोकळी झाले होते. सवलत देताना मालकाच्या किंवा मॅनेजरच्या हातून हाच अन्याय सहज होतो. सोय म्हणून दिलेली गोष्ट हळूच त्या माणसाला कमी पगाराच्या, कमी मानाच्या जागेवर नेऊन बसवते, आणि वर आपण त्याच्याकडून आभाराची अपेक्षा करतो.

तिसरी चूक माझ्या घराजवळची होती, म्हणून ती सगळ्यात उशिरा दिसली. दारूला धर्म आड येतो तो मुसलमानांच्या बाबतीत, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे एक वयाने मोठे कॅप्टन होते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकवत नसत. सगळे त्यांना माऊली म्हणायचे. आमच्या नियमाप्रमाणे गणवेशात गळ्यात काही दिसता कामा नये. मी सहज म्हटलं, “माऊली, ड्युटीपुरती काढून ठेवा ना.” ते म्हणाले, “मॅडम, ही काढायची नसते. कॉलरच्या आत घालतो, दिसणार नाही.” पंढरीच्या वाटेवरची माणसं आमच्या घरातही होती. माळ घातली म्हणजे मद्य-मांस सुटलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तरी हा माणूस बारच्या ड्युटीचं काय करत असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

ते कळलं एका ज्युनिअरकडून. माऊलींची बारवर ड्युटी लागली की ते गुपचूप दुसऱ्याशी बदलून घ्यायचे, आणि त्या बदल्यात त्याची पहाटेची ब्रेकफास्ट शिफ्ट स्वतः करायचे. रात्री उशिरा घरी जाऊन पहाटे पुन्हा हजर. माझा तक्ता सुरळीत चालला होता तो या माणसाने आपली झोप मोडून केलेल्या सौद्यावर. त्यांनी मागितलं नाही, कारण मागितल्यावर मिळेल असं वाटावं असं मी काही केलंच नव्हतं. खरं तर आषाढी एकादशीला आपल्या राज्यात ड्राय डे असतो. त्या दिवशी सरकारच आमचा बार बंद करायचं. वारकऱ्याच्या श्रद्धेचा मान राज्याने राखावा, आणि माझ्या हाताखालच्या वारकऱ्याचा मी राखू नये, ही विसंगती मला दिसायला हवी होती.

यवतमाळच्या एका मुलाच्या बाबतीत मात्र माझ्याकडून घडलं ते लिहिताना आजही जड जातं. कॅप्टन होण्यासाठी आम्ही वाइनचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. नाशिकच्या वायनरीची माणसं येत, ग्लास तिरका धरून रंग बघायला शिकवत, वास घ्यायला लावत, मग एक घोट तोंडात घोळवायचा. हा मुलगा रंगाचं आणि वासाचं सगळं मन लावून शिकला, घोट मात्र घेतला नाही. शिकवणारे म्हणाले, “गिळू नकोस, थुंकून टाक.” तरी नाही. मी बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, “मॅडम, आम्ही बौद्ध आहोत. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत आहे.” त्यावर मी म्हटलं, “तुमच्यात कुठे एवढं कडक असतं?” आणि त्याच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘सहभाग अपुरा’ असा शेरा लिहिला. त्या वर्षी त्याची बढती राहिली.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, तेव्हा दिलेल्या प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातलं पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं आहे. बुद्धांनी उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले त्यात शस्त्रं, प्राणी, मांस आणि विष यांच्याबरोबर मद्यही आहे. महाराष्ट्रात जन्मून, शिकून, दरवर्षी दीक्षाभूमीच्या बातम्या वाचून मला यातलं काही माहीत नव्हतं. ज्या प्रतिज्ञेने त्याच्या आजी-आजोबांच्या पिढीने आपलं आयुष्य नव्याने उभं केलं, ती त्याने एका घोटासाठीही मोडली नाही. मी त्याला उत्साह नसलेला ठरवलं. वासावरून तो वाइन ओळखू शकत होता, पाहुण्याला नीट माहिती देऊ शकत होता. कामाला लागत होतं ते सगळं त्याच्याकडे होतं. घोट ही माझी अट होती, कामाची नव्हती.

मग या सगळ्यांना मोकळं केल्यावर बारच्या रात्री कुणाच्या वाट्याला गेल्या? वसईच्या एका ख्रिस्ती मुलाच्या. त्याच्या चर्चमध्ये मिस्साला वाइन असते, तेव्हा याला काही अडचण नसणार, असा माझा सरळ हिशोब. शनिवारी रात्रीचा बार त्याच्याकडे, म्हणून रविवारी सकाळचा मिस्सा त्याला जमेना. २४ डिसेंबरला आमच्याकडे मोठी पार्टी असायची, म्हणून मध्यरात्रीचा मिस्साही गेला. एक दिवस तो म्हणाला, “मॅडम, सगळ्यांचा धर्म सांभाळताय, माझा कधी सांभाळणार?” दारू चालते एवढ्यावरून मी त्याला धर्माचं काही मागणंच नसलेला माणूस ठरवलं होतं. एकाची सोय दुसऱ्याच्या एकट्याच्या पाठीवर टाकली की दोघांत कटुता येते, आणि ती कटुता शेवटी सोय मागणाऱ्याच्याच नावावर जमा होते. ती चूक तक्ता लिहिणाऱ्याची असते.

पार्ट्यांच्या बाबतीत तर मी अजून बेफिकीर होते. स्टाफ पार्टीत चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून आम्ही स्टेजवर बोलावून व्हिस्कीची बाटली द्यायचो. घेणाऱ्याला ती घरात नेता येईल का, हा विचार नाही. नाताळला स्टाफ कॅन्टीनमध्ये प्लम केक ठेवायचो, त्यावर कसलीच चिठ्ठी नाही. हाउसकीपिंगच्या एका ताईंनी विचारलं, यात काही आहे का? मी म्हटलं, “भाजताना सगळं उडून जातं हो.” ते खोटं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मिश्रणात घातलेली दारू तासभर भाजल्यावरही सुमारे २५ टक्के उरते, आणि आमचा केक तर भाजून झाल्यावरही रमने भिजवलेला असायचा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी तो खाल्ला.

याच पार्ट्यांत स्टोअरमधले एक गृहस्थ कधी ग्लास हातात घेत नसत. श्रावण असला की श्रावण पाळतो म्हणायचे, पुढे नवरात्र, मग मार्गशीर्ष, मग नवस. मी एकदा सगळ्यांसमोर त्यांना धरलं: “अहो, आता कुठला महिना?” ते हसून बाजूला झाले. नंतर एकटे भेटले तेव्हा म्हणाले, “मॅडम, मी व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आलेला माणूस आहे. देवाचं नाव सांगितलं की लोक ग्लास मागे घेतात. आजार सांगितला की म्हणतात, एकाने काय होतंय.” त्यांचं हे बोलणं माझ्या फार कामी आलं. आम्ही नकार मान्य करायचो तो कारण पसंत पडलं तर. देवाचं कारण चाललं, शरीराचं नाही. मुसलमानाचं पटलं, बौद्धाचं नाही. प्रत्येकाला आपला नकार माझ्यापुढे सिद्ध करावा लागत होता. खरं म्हणजे ‘नको’ एवढ्यावर ग्लास मागे जायला हवा होता.

आपल्याकडे दिव्यांगांसाठी वाजवी सोय करून देण्याची तरतूद २०१६च्या कायद्यात आहे. खासगी नोकरीत धार्मिक कारणासाठी तशी सोय करायला लावणारा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे सगळं तक्ता लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. बाहेरच्या देशांत यावर खटले झाले आहेत. अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्टार ट्रान्सपोर्ट या कंपनीने दारूचा माल नेणार नाही म्हणणाऱ्या दोन मुस्लिम ट्रकचालकांना २००९मध्ये कामावरून काढलं. २०१५मध्ये ज्यूरीने त्यांना मिळून २ लाख ४० हजार डॉलर द्यायला लावले. ती कंपनी चालकांमध्ये मालाची अदलाबदल एरवीही करत होती. या दोघांसाठी मात्र केली नाही. जर्मनीत सुपरमार्केटमध्ये बाटल्या फळीवर लावायला नकार देणाऱ्या मुस्लिम कामगाराच्या बाबतीत तिथल्या संघीय कामगार न्यायालयाने २०११मध्ये सांगितलं, की त्याला देण्याजोगं दुसरं काम आहे का हे मालकाने आधी बघायला हवं. ते खरोखर नसेल तरच काढण्याचा विचार. दोन्हीकडे प्रश्न एकच: काम अडतंय, की फक्त मॅनेजरचा तक्ता?

मर्यादा दुसऱ्या बाजूलाही आहेत. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस विमानतळावर काही सोमाली मुस्लिम टॅक्सीचालक दारूच्या बाटल्या जवळ असलेल्या प्रवाशांना नाकारू लागले, आणि माणसं सामानासकट ताटकळू लागली. २००७मध्ये विमानतळ प्रशासनाने असं नाकारणाऱ्यांचे परवाने निलंबित करायचा नियम केला, आणि न्यायालयानेही तो रोखला नाही. मला हेही पटतं. ज्याचं कामच बारटेंडरचं आहे त्याला बारची सूट मागता येणार नाही. पण हे त्याला मुलाखतीत सांगायला हवं, पार्टीच्या रात्री सात वाजता नाही.

सोय किती सोपी असू शकते याचं उदाहरण क्रिकेटवाल्यांनी घालून दिलं आहे. जानेवारी २०२२मध्ये होबार्टला ॲशेस मालिकेतली शेवटची कसोटी जिंकल्यावर ऑस्ट्रेलियाचे खेळाडू शॅम्पेन उडवत होते, आणि उस्मान ख्वाजा त्यापासून दूर उभा होता. कर्णधार पॅट कमिन्सच्या ते लक्षात आलं. त्याने बाटल्या बाजूला ठेवायला लावल्या आणि ख्वाजाला फोटोसाठी मध्ये बोलावलं. कुणी कारण विचारलं नाही, कुणाचा आनंदही कमी झाला नाही.

मी बदललं ते एवढंच. बारवर काम करणाऱ्याचा उत्पादन शुल्क खात्याचा नोकरनामा काढताना आम्ही फोटो आणि कागदपत्रं मागायचो, ‘तुझी तयारी आहे का’ हे विचारत नव्हतो. आता प्रत्येकाला, नाव-आडनाव कोणतंही असो, रुजू होतानाच एकांतात विचारलं जातं: दारू ओतशील? भरलेला ट्रे नेशील? उष्टे ग्लास उचलशील? चव घेशील? उत्तरं माणसागणिक वेगळी येतात. कुणी ट्रे नेतो पण ओतत नाही, कुणी उष्टा ग्लासही उचलत नाही, कुणाला सगळं चालतं. कारणाचा रकाना ठेवलेला नाही, आणि उत्तर पुढे केव्हाही बदलता येतं. पार्टीची टिप सगळ्यांत समान वाटली जाते, मग तो बारवर असो की बुफेमागे. उशिराच्या रात्री पाळीने येतात. बार न करणाऱ्याला पहाटेच्या शिफ्ट जास्त मिळतात, पण त्या सगळ्यांसमोर तक्त्यावर लिहून. आणि रात्री ड्युटी असेल तर लगेचची पहाट नाही. चव घेण्याची अट बढतीतून काढली. बाटलीच्या जागी पाकीट देतो आणि केकवर चिठ्ठी लावतो.

यवतमाळचा मुलगा पुढे दुसऱ्या हॉटेलात कॅप्टन झाला. मी लिहिलेला शेरा चुकीचा होता हे मी त्याला फोन करून सांगितलं. तो चांगलं बोलला, पण गेलेलं वर्ष मला त्याला देता आलं नाही. सोलापूरच्या मुलाचा तर नंबरही माझ्याकडे नव्हता. माफी मागता येते, पण तोवर किंमत दुसऱ्याने मोजलेली असते. म्हणून ज्यांच्या हातात ड्युटी लावण्याचा, बढती देण्याचा, पार्टी ठरवण्याचा अधिकार आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नावावरून, गळ्यातल्या माळेवरून, शेजारच्या टेबलावरच्या त्याच धर्माच्या माणसावरून कुणाची हद्द ठरवू नका. ज्याची आहे त्यालाच विचारा, एकांतात विचारा, आणि त्याने सांगितल्यावर पुरावा मागू नका. मग त्या उत्तराची किंमत त्याच्या पगारातून, झोपेतून किंवा बढतीतून वसूल होत नाही ना, हे दर महिन्याला तक्ता उघडून बघा. मी हे आधीच केलं असतं तर एका मुलाला नोकरी सोडावी लागली नसती.